परसातला कागद

जुन्या मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात ‘संहिता’ हा शब्द फार वेळा येतो. संहिता, पाठ, पाठभेद, प्रक्षेप, नकलकाराचा प्रमाद या परिभाषेत आम्ही वाढलो आणि अंबाजोगाईसारख्या गावी बसून तीच परिभाषा विद्यार्थ्यांना देत आलो. या गावाजवळ बालाघाटाच्या डोंगरकुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. गावात दासोपंतांची समाधी आणि त्यांच्या परंपरेची देवघरे आहेत. तेव्हा हस्तलिखित ही येथे केवळ अभ्यासक्रमातली गोष्ट नव्हे. तरीही एक वस्तू आमच्या परिभाषेतून कायम सुटत आली. ती म्हणजे कागद. ओवी कोणाची, कोणत्या शतकातली, तिच्यात मागाहून कोणी काय घातले, यावर तासन्‌तास बोलता येते; ती ज्या पानावर उतरली ते पान कशाचे होते, कोणी केले, त्याला किती पाणी लागले, याविषयी वाङ्मयेतिहास सहसा बोलत नाही.

हे मौन आम्हांला जाणवू लागले ते एका वाक्प्रचारामुळे. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग शिकवताना विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बंद दुकाने येतात, कारण हरताळ म्हणजे बंद एवढाच अर्थ त्यांच्या कानावर असतो. तेव्हा सांगावे लागते, की हा हरताळ निराळा. हे एक पिवळे खनिज आहे. नकलकाराच्या हातून अक्षर चुकले की त्यावर हरताळ फासायचा, तो वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिहायचे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने यावर विचारले, “पण पांढऱ्या कागदावर पिवळा डाग उठून दिसत नसे का?” उत्तर सोपे आहे : कागद पांढरा नव्हताच. तो सायीच्या, मातकट, कधी मुद्दाम पिवळ्या केलेल्या रंगाचा असे. पण हे उत्तर देताना आमच्या लक्षात आले, की ते आम्ही पुस्तकातून देत आहोत. काचेमागची पाने पाहिलेली असणे आणि त्या पानाची जात ठाऊक असणे यांत अंतर आहे. ते थोडे तरी कमी करावे, म्हणून आम्ही परसात कागद करू लागलो.

*

मराठवाड्यातल्या घराचे परस म्हणजे मोठी बाग नव्हे. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी ज्या बाजूला जाते तिकडे केळ, कर्दळ आणि अळू, कुंपणाशी घायपात, एखादी जास्वंद, पावसाळ्यात भेंडीचे दोन वाफे आणि कडेने अंबाडी. अंबाडीची ओळख येथे भाजीची. तिच्या सालीत वाख असतो आणि त्याचे दोर वळतात हे मात्र आता घरोघरी ठाऊक असतेच असे नाही. कागदाच्या दृष्टीने तिचे मोल या सालीतच आहे. जुन्या कागदाचा कच्चा माल म्हणून ज्याचे नाव नेहमी येते तो ताग बीडकडे आज मुख्यतः हिरवळीच्या खतासाठी पेरतात. अंबाडी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याची नातलग नाही, ती जास्वंदीच्या कुळातली; पण वाखाच्या बाबतीत ती तागाच्याच पंक्तीला बसते.

कृती थोडक्यात सांगता येते, करायला मात्र दिवस लागतात. ओल्या देठाची साल सोलून काढायची, बोटभर तुकडे करायचे आणि सुक्या वाखाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळायचे. पूर्वी हेच काम राखेच्या निवळीने होत असे. भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि लोखंडाचा डाग लगद्यात उतरतो. शिजवण्याचा हेतू एकच, तंतूंना एकत्र चिकटवून ठेवणारे पदार्थ सुटावेत आणि उरावे ते सेल्युलोज. मग बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुणे, आणि त्यानंतर कुटणे. विद्यार्थी येथे मिक्सरचा आग्रह धरतात. मिक्सरने लगदा होतो, पण पाते तंतू कापते. दगडावर मोगरीने कुटले की तंतू लांबच राहतो, मात्र त्याची टोके आणि अंग पिंजारते. पाणी उडून जाताना हे पिंजारलेले तंतू एकमेकांना धरतात. कागदात गोंद नसतो. ती पकड तंतूंची असते. म्हणून कुटण्यात कसर केली की कागदाला ती लगेच कळते.

कुटलेला लगदा हौदात ढवळायचा, लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीचा साचा त्यात बुडवून आडवा उचलायचा आणि पाणी निथळत असताना एकदा पुढेमागे, एकदा डावीउजवीकडे हलवायचा. एवढ्या चार-सहा क्षणांत ताव जमतो किंवा बिघडतो. मग साचा ओल्या सुती कापडावर पालथा घालून पान उतरवायचे, थरावर थर रचून वर जात्याची तळी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी एकेक पान भिंतीला चिकटवून वाळवायचे.

प्रत्येक झाडाचे पान आपापल्या स्वभावाचे निघते. अंबाडीचे सायीच्या रंगाचे आणि चिवट. केळीच्या सोपटाचे पातळ, किंचित पारदर्शक, हातात धरले की खडखडणारे. कर्दळीचे मऊ आणि तपकिरी. घायपात सर्वांत हट्टी. तो शिजायलाही वेळ घेतो आणि कुटायलाही, पण एकदा वठला की त्याचे पान सहजी फाटत नाही. भेंडीच्या देठाच्या सालीपासून पान होतेच, शिवाय तिचा बुळबुळीत रस हौदात घातला की तंतू तळाशी बसत नाहीत, पाणी सावकाश निथळते आणि ताव एकसारखा येतो. हे वाचून कोणाला ती घरगुती क्लृप्ती वाटेल. परंतु जपानी हातकागदाच्या परंपरेत भेंडीच्याच कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा रस याच कामासाठी शतकानुशतके वापरला गेला आहे.

*

असे पान वाळून हातात आले तरी त्यावर लिहिता येत नाही. बोरू टेकला की शाई फुटते. पानाला तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यावी लागते, ती वाळली की गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने पान घोटावे लागते. ‘घोटीव’ हे विशेषण आम्ही शिल्पाला, शरीराला, शैलीला लावतो. एक ताव दोन्ही बाजूंनी घोटून काढल्यावर खांदा जे सांगतो ते ऐकल्यापासून हे विशेषण एखाद्या कवीच्या शैलीला लावताना आमचा हात थोडा आखडतो.

समर्थांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. तो अभ्यासक्रमात क्वचितच येतो. आला तरी सुंदर हस्ताक्षराचा उपदेश म्हणून वाचला जातो. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी आणि मधेच लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असे समर्थ तेथे सांगतात. समासाची ही सूचना आम्हांला पूर्वी शिस्तीची वाटे. साच्यावर काढलेल्या तावाच्या कडा पातळ आणि विरविरीत येतात, झडतात त्या आधी कडाच, हे पाहिल्यावर ती अनुभवाची वाटू लागली. कागद झडणार, हे गृहीत धरून केलेली ती मांडणी आहे. ग्रंथ आपल्यामागे टिकावा असे वाटणाऱ्या माणसाने कागदाच्या मरणाचा विचार आधी केलेला असतो.

आता आमच्या गावच्या ग्रंथकाराकडे येऊ. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते, आणि रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेने शाईचा हिशेब ठेवला, कागदाचा ठेवला नाही. तो आम्ही वर्गात एकदा करून पाहिला. पृष्ठावर दहा ओव्या धरल्या तर साडेबारा हजार पृष्ठे, म्हणजे सव्वासहा हजार पाने. आमच्या परसात दिवसाला वीस पाने निघाली तर तो दिवस चांगला. त्या गतीने एका ग्रंथाच्या एका प्रतीपुरता कागद करायला तीनशे दिवसांहून अधिक लागतील. शिजवणे, कुटणे, घोटणे निराळे. कसलेला कागदी दिवसाला शेकडो ताव काढतो हे खरे, पण त्यामुळे श्रम नाहीसे होत नाहीत, ते त्याच्या मनगटात गेलेले असतात.

आणि याच दासोपंतांनी ‘पंचीकरण’ कापडावर लिहिले. ती ‘पासोडी’ अंबाजोगाईत जपलेली आहे : सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद, त्यावर सुमारे 1600 ओव्या आणि त्यांच्या जोडीला आकृत्या. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड वस्त्र. त्यांनी वस्त्र का निवडले यावर भाविक उत्तरे पुष्कळ आहेत. आम्हांला एक साधे उत्तर जवळचे वाटते. पंचमहाभूतांची एकमेकांत होणारी मिसळण आकृत्यांनी दाखवायची तर सलग, रुंद पृष्ठभाग हवा. साच्यातून निघणारा ताव दोन हातांच्या पल्ल्याएवढाच असतो. कागदाची मर्यादा ओळखून त्यांनी कागदाच्या मागे जाऊन त्याचे मूळच हाती घेतले, असे आम्ही या कापडाकडे पाहताना म्हणतो. कारण कापसाच्या तंतूत 90 टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असते, आणि उत्तम हातकागद चिंध्यांचाच होतो. वस्त्र विरले, कुटले, पाण्यात विरघळले की त्याचा कागद. पासोडी हा कुटण्याआधीचा कागद आहे.

*

या उद्योगावर घेतला गेलेला सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याचा होता. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एकदा हौदाकडे पाहत शांतपणे विचारले, “बीड जिल्ह्यात राहून हे शोभतं का?” प्रश्न झिडकारण्यासारखा नव्हता. हौदातल्या शंभर भाग पाण्यात तंतूंचा एक भागही नसतो. कागद हा पाण्यात घडतो आणि पाणी काढून टाकूनच कागद होतो. आणि आम्ही राहतो तो मुलूख 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टींवर वाढलेला, 2012–13 आणि 2015–16 चे दुष्काळ अंगावर काढलेला. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले तेव्हा त्यावर तहान भागवणारी गावे टँकरकडे पाहत बसली. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या घरांतली माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात त्या घरांतली मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांच्यासमोर हंडे हौदात ओतून ‘कलात्मक’ कागद करणे, याला काही उत्तर असावे लागते.

उत्तर युक्तिवादाचे नव्हते, पंचांगाचे होते. आम्ही कागदाला ऋतू लावून घेतला. उन्हाळ्यात हौद कोरडा. श्रावण-भाद्रपदात पत्र्यावरून उतरणारे पावसाचे पाणी साठवायचे आणि त्याच पाण्यात काम करायचे. वनस्पतीही तेव्हाच भरात असतात. अंबाडी सडवण्यासाठी दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याऐवजी ओली साल सोलून थेट शिजवायची. हौदातले पाणी शेवटचा ताव निघेपर्यंत तेच, आणि उरलेल्या लगद्याचे गोळे करून वाळवायचे, पुढच्या वर्षी भिजवून पुन्हा वापरायचे. वाळवण आश्विनातल्या उन्हात. पाऊस दगा देईल त्या वर्षी कागद नाही. हे बंधन पत्करल्यावर एक गोष्ट दिसू लागली, की मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, केळीचा घड उतरल्यावर टाकून द्यायचे सोपट, भाजी खुडून उरलेला अंबाडीचा देठ, या सगळ्या उरलेल्या वस्तू आहेत. हातकागदाची जुनी परंपराही उरलेल्या वस्तूंवरच उभी होती. तागाचे झिजलेले दोर, फाटके गोणपाट, जाळी, चिंध्या हा तिचा कच्चा माल. खास झाड तोडून कागद करणे ही पुष्कळ अलीकडची गोष्ट. लाकूड वाटून लगदा करण्याची युक्ती युरोपात 1844 च्या सुमारास निघाली. तिने कागद स्वस्त केला, आणि अल्पायुषीही. लाकडातले लिग्निन आणि तुरटी-राळेच्या खळीतले आम्ल यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कितीतरी मराठी मासिकांचे अंक आज पान उलटताना तुटतात, आणि त्यांच्यापेक्षा अडीचशे वर्षांनी जुनी पोथी शेजारी निवांत उघडता येते.

*

येथेच वाङ्मयेतिहासाशी आमचे भांडण सुरू होते. पोथी टिकली, ती टिकवणारा कागद कोणाच्या हातचा? दख्खनेत कागद करणाऱ्यांची जी जुनी वस्ती सांगितली जाते ती दौलताबादजवळची, कागजीपुरा. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी देवगिरीस आणली तेव्हा तिच्याबरोबर हे कारागीर आले अशी परंपरा आहे. दौलताबादी कागद हे नाव दफ्तरांतून रुळले. पुणे जिल्ह्यात जुन्नरचा कागद तसाच नावाजलेला. हे कागदी मुसलमान होते. ज्या दोरांचा कागद होई ते दोर, कासरे, शिंकी वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. म्हणजे मातंगाने वळलेला दोर शेतकऱ्याने झिजवावा, कागद्याने तो कुटून ताव काढावा, त्यावर ब्राह्मण नकलकाराने ओवी उतरावी आणि वारकऱ्याने ती ऐकावी, असा प्रवास एकाच पानाचा असू शकतो. ‘मराठी संस्कृती समन्वयाची आहे’ हे वाक्य आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळ वाचले आहे. त्याचा पुरावा म्हणून कोणी कधी पोथीचा कागद पुढे केलेला पाहिला नाही.

आधुनिक काळात हा धागा एकदा जाणीवपूर्वक उचलला गेला होता. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचे प्रयोग झाले, के. बी. जोशी यांनी कागद करण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिले आणि 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. त्या चळवळीला कागद हा गावाच्या हाताला काम देणारा उद्योग म्हणून हवा होता. आज हातकागद दिसतो तो बहुधा लग्नपत्रिकेत, भेटवस्तूंच्या पिशवीत, चित्रकाराच्या फडावर. त्यात गैर काही नाही. पण ‘हाताने केलेला’ हे शब्द जितके ठळक छापले जातात तितका तो हात धूसर होत जातो, असे आम्हांला वाटते.

*

आमचे विद्यार्थी या कागदाचे काय करतात, असा प्रश्न येईल. पहिल्या वर्षी ते झेंडूच्या पाकळ्या, कढीपत्त्याची पाने, गवताची पाती लगद्यात पेरतात. पान देखणे होते आणि काही महिन्यांत पाकळी तपकिरी पडते. हळदीने रंगवलेला ताव उन्हात फिका होतो, सोड्याचा अंश राहिला असेल तर लालसर होतो. डाळिंबाची साल तुरटीबरोबर वापरली की रंग बराच टिकतो. पुढच्या वर्षी सजावट आपोआप कमी होते. मग कोणी केळीच्या आणि अंबाडीच्या लगद्यांच्या दोन छटा ओतून बालाघाटाच्या रांगा उमटवतो. कोणी वहीत जपलेले पिंपळाचे जाळीदार पान दोन ओल्या तावांच्या मधे ठेवतो आणि उजेडापुढे धरल्यावरच ते दिसते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलाने पाचटाचा लगदा केला. तंतू आखूड, पान कडक आणि ठिसूळ निघाले, दुमडताच तडकले. त्याने ते तसेच, तडकलेले, दोऱ्याने शिवून भिंतीवर लावले आणि खाली काही लिहिले नाही. त्या कामाविषयी आम्ही वर्गात भाष्य केले नाही. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तेच पाचट पायांखाली येत होते.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तिच्यात शक, तिथी, स्थळ आणि नकल करणाराचे नाव येते. तेलापासून, पाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून मला सांभाळा अशी ग्रंथाने केलेली विनवणीही कधी कधी येते. आम्ही पाहिलेल्या एकाही पुष्पिकेत कागद करणाऱ्याचे नाव नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली आहे. प्रत्येक ताव घोटून झाला की त्याच्या मागे, कोपऱ्यात, समर्थांनी सांगितली तेवढी जागा सोडून, बारीक अक्षरात चार गोष्टी लिहायच्या : झाड कोणते, पाणी कोणत्या पावसाचे, कुटले कोणी, घोटले कोणी. पुढची बाजू कोरी. तिच्यावर काय लिहायचे ते ज्याचे त्याने नंतर ठरवावे.